घेवडा मऊ शिजवणारं पाणी

४ जानेवारी

कामाच्या नोंदी कामाच्या रजिस्टरात जातील. या वहीत फक्त उरलेलं.

अकराला पोहोचले. राहायची सोय शाळेमागच्या गल्लीत, एका घराच्या पुढच्या खोलीत. दहा बाय आठ, एक खिडकी, एक टेबल. टेबल डुगडुगतं. पाणी तपासायच्या मीटरला ते चालत नाही, म्हणून एका पायाखाली चपटा दगड सारला.

घरात तीन माणसं. काकू शाळा झाडतात आणि घंटा देतात. काका पूर्वी बोअरिंगच्या गाडीवर होते, आता घरी बसून टोपल्या विणतात. त्यांची मान वळत नाही. हाक मारली की दारासारखे अख्खे वळतात. वर काही बघायचं असलं तर ओट्यावर आडवे होतात. मुलगी सात वर्षांची. अंगणात सारखी गरागरा फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. आता चालताना तिचे गुडघे एकमेकांवर घासतात आणि पावलं एकमेकांपासून लांब पडतात.

दुपारी शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी तपासलं. फ्लोराइड ४.८. दीडच्या वर असू नये. पुन्हा तपासलं, तेवढंच आलं. दिसायला काचेसारखं, चवीला गोड.

"दोनशे दहा फुटांवर लागलं," काका म्हणाले. "त्याआधी तीन भोकं कोरडी. मीच म्हटलं, अजून एक पाइप घाला. पाणी उडालं तेव्हा अख्खी वस्ती भिजत उभी होती."

आकडा आज सांगितला नाही. उद्या.

५ जानेवारी

सांगितला. पंपापाशी पंधरावीस बायका होत्या. त्यांचे दात, सांधे, पोरांचे पाय हे सगळं पाण्यामुळे, असं सरळ सांगितलं. मी घोळवून बोलत नाही.

समोरच्या घरातली शिंपीण म्हणाली, "बाई गं, आम्हाला वाटलं म्हातारपण. ते नळीतून येतंय होय?" बायका हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "माझ्या पंपातून?" मी हो म्हटलं. ते अख्खे वळले आणि घरी गेले.

दुसरं उत्तर नव्हतं. तरी बरं वाटलं नाही.

९ जानेवारी

गाळणीचं पिंप शाळेच्या पडवीत बसवलं. आत ॲल्युमिनाचे पांढरे दाणे. पंपाचं पाणी वरून ओतायचं, फ्लोराइड दाण्यांना चिकटतं, तोटीतून स्वच्छ पाणी येतं. त्याला घाई चालत नाही. दिवसाला दोनशे चाळीस लिटर, त्याहून जास्त काढलं तर फ्लोराइड निसटून येतं. वस्तीत सव्वीस घरं, एकशे अठरा माणसं. माणशी दोन लिटर, एकूण दोनशे छत्तीस. चार लिटर शिल्लक. प्रत्येक घराला कार्ड दिलं. आमच्या घराचं कार्ड: माणसं तीन, लिटर सहा.

पंपाला लाल रंग दिला. धुण्याभांड्यांसाठी तो चालू ठेवला आहे. शेजारी पाटी लावली: हे पाणी पिऊ नका. अक्षरं पट्टी लावून काढली, उंची चार इंच.

शिंपीण म्हणाली, "रंगवलं तर असं, जसं काही पंपाला बघायला पाहुणे येणारेत."

१६ जानेवारी

भिंगरीला घेऊन काका, काकू आणि मी तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई कमी बोलतात, त्यामुळे पटतात. गुडघे जुळवून उभं केलं की दोन घोट्यांत ९.२ सेंटिमीटर अंतर राहतं. मी स्टीलच्या पट्टीनं मोजलं, त्यांनी टेपनं. जुळलं. लघवीतलं फ्लोराइड ५.१, एकच्या आत हवं.

काकूंनी एकच विचारलं, "फिरेल का हो परत?"

"हाडं अजून ओली आहेत, ओल्या फांदीसारखी," डॉक्टर म्हणाल्या. "सहा महिने बघू. आकडा खाली आला तर पाय आपणहून सरळ व्हायला लागतील. दूध, अंडं, लिंबू, पेरू, या गोळ्या, आणि ऊन. आकडा नाही उतरला तर कापाकापी."

काकांचं काही होण्यासारखं नाही. दुखणं कमी होईल, मान वळणार नाही. त्यांनी ते ऐकून मान हलवायचा प्रयत्न केला. सवय असावी.

येताना बसमध्ये भिंगरीनं विचारलं, "ताई, तू हसताना तोंडावर हात का धरतेस?"

"सवय."

"हसतेस पण कमीच," ती म्हणाली.

१९ जानेवारी

लघवीचे नमुने गोळा केले. सव्वीस घरं, बावन्न बाटल्या. शिंपिणीनं बाटली देताना सांगितलं, "जपून ने. माहेरून आणलेलं एवढंच उरलंय." मी हात धरायच्या आत हसले.

तुलनेसाठी इथे आले त्या दिवशी घेतलेला माझा नमुनाही तपासला. ०.७.

काका ६.०. काकू ६.३, घरात सगळ्यांत जास्त.

२ फेब्रुवारी

काम सुरळीत. पिंप गळत नाही, कार्डांवरून भांडणं नाहीत. संध्याकाळी जेवायला वाळलेल्या घेवड्याचं कालवण होतं. मी मीटर जुळवायला बसते तेव्हा काकू चुलीवर घेवडा चढवतात आणि माझं आटोपेपर्यंत दाणा लोण्यासारखा झालेला असतो. जेमतेम चाळीस मिनिटं. माझ्या वसतिगृहात तो दोन तासांनीही दाताखाली कचकचायचा. काकूंच्या हाताला गुण आहे. हे त्यांना सांगायला हवं होतं, राहून गेलं.

सकाळी उठते तेव्हा माझी पाण्याची बाटली माठातल्या गाळलेल्या पाण्यानं काठोकाठ भरून टेबलावर असते. मी कधी मागितली नाही.

काकू आमच्याबरोबर जेवायला बसत नाहीत. वाढतात, मग आत जातात. बहुधा मी त्यांना आवडत नसावे. पाटीचा राग असेल. त्याला माझी हरकत नाही.

२८ फेब्रुवारी

सहा आठवड्यांनंतरचे आकडे. भिंगरी ४.७. काका ५.८. काकू ६.४. वस्तीतही हेच, कुठे थोडं खाली, कुठे आहे तसंच. घोट्यांतलं अंतर ९.३.

फोनवर डॉक्टरांना म्हटलं की हाडांत साठलेलं हळूहळू बाहेर पडत असेल. "मोठ्यांचं मान्य," त्या म्हणाल्या. "पोरीचं उतरायला हवं होतं. कुठून तरी पोटात जातंय. शोध."

म्हणजे कुणीतरी लपून पंपाचं पितंय. मी भिंगरीला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सरळ विचारलं. ती रडायला लागली. "मी नाही पीत ताई. शप्पथ मी नाही पीत." हुंदके देत तेवढंच म्हणत राहिली.

काकू दार ढकलून आत आल्या. तिला उचलून घेऊन गेल्या. सात वर्षांची मुलगी उचलणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही.

रात्रीचं ताट मात्र नेहमीसारखंच वाढलेलं होतं.

६ मार्च

आईचा फोन. इथे काय करतेस विचारलं तेव्हा पंप, लाल रंग, पाटी सांगितलं.

"आपल्याकडे पण आला होता असा एक. चष्मेवाला. तू चार वर्षांची असशील. पंपाला कुलूपच ठोकलं मेल्यानं. दीड किलोमीटरवरून पाणी आणायला लागायचं. मी भर रस्त्यात बादली रिकामी केली होती त्याच्या अंगावर."

"मग?"

"मग काय. निथळत उभा राहिला आणि म्हणाला, ताई, इथे सही करा."

नाव तिला आठवत नाही. कुणालाच आठवणार नाही.

माझ्या पुढच्या दातांवर तपकिरी रेघा आहेत. त्या कशानं आल्या हे मी कॉलेजात शिकले, सालं जुळवली, आणि पुढचा विचार केला नाही. दात मला दिसायचे. पाय सरळ आहेत, ते मी आजवर आपोआपच तसे आहेत असं धरून चालले होते.

संध्याकाळी भिंगरीला दात दाखवले. तिनं खिडकीपाशी नेऊन नीट बघितले. स्वतःचेही दाखवले. "माझ्या जास्त आहेत," ती म्हणाली. जिंकल्यासारखी.

तिची माफीही मागितली. "कशाबद्दल?" म्हणाली. विसरली तरी असेल किंवा मोठी तरी असेल.

१४ मार्च

आज काय झालं ते क्रमानं लिहिते.

सकाळी तुलनेसाठी स्वतःचा नमुना पुन्हा तपासला. २.९. मीटर बिघडलं म्हणून प्रमाणित द्रावणावर पुन्हा जुळवून घेतलं. २.९. दुसरा नमुना, २.८.

जानेवारीत ०.७ होतं. हाडांतलं जुनं बाहेर येतंय म्हणावं तर ते तेव्हाही आलं असतं. मी पंपाच्या पाण्याचा एक थेंबही प्यायलेले नाही. माठातलं पाणी तपासलं, ०.४. म्हणजे प्यायच्या पाण्यातून काही नाही. मग मी या घरात आणखी काय पोटात घालते?

स्वयंपाकघरात गेले. काकू घेवडा चढवत होत्या. चुलीशेजारी दोन कळशा.

"काकू, यात पाणी कुठलं घातलंत?"

"पंपाचं."

"कायम पंपाचंच घालता?"

"मग? सहा लिटरात पिऊ का शिजवू?"

त्या पळी हातात धरूनच बोलत होत्या.

"तू लिहिलंस पिऊ नका. आम्ही नाही पीत. जुन्या विहिरीचं पाणी तर जड. त्यात घेवडा घाल आणि तीन तास लाकडं जाळ, दाणा गोटीसारखा तो गोटीसारखाच. या पंपाचं पाणी लागलं तेव्हापासून कुठं बायांची सरपणाची निम्मी वणवण वाचली. अख्खी वस्ती यातच शिजवते." मग माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. "का? काय झालं?"

मी सांगितलं. शिजताना पाणी उडून जातं, फ्लोराइड मागे राहतं. भातात, घेवड्यात मुरतं.

काकूंनी पातेलं चुलीवरून उतरवलं. भिंगरीचं ताट मांडलेलं होतं, त्याकडे बघितलं.

"म्हणजे मी वाढत होते," त्या म्हणाल्या.

"माणशी दोन लिटर मी ठरवलं," मी म्हटलं. "पाटी मी लिहिली. चूक माझी आहे."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं का स्वयंपाकाला पाणी लागतं म्हणून?"

"नाही."

"कधी चूल पेटवलीस?"

"नाही."

काकूंनी पातेल्यातलं मोरीत ओतलं आणि म्हणाल्या, "अगं, मग विचारायचं ना."

आजवर मला मॅडम म्हणायच्या. अगं पहिल्यांदाच.

१५ मार्च

पंपापाशी सगळ्यांना बोलावून चूक सांगितली. कुणी ओरडेल असं वाटलं होतं. शिंपीण म्हणाली, "चला, निदान एवढी शिकलेली पण आपल्यासारखीच विसरते."

त्यांनी ओरडायला हवं होतं. आठ आठवडे गेले आहेत, डॉक्टरांच्या सहा महिन्यांतले.

जुनी पाटी काढली. नवी काकूंनी सांगितली तशी लिहिली. मी "स्वयंपाकासाठी वापरू नये" असं सुचवलं होतं. "ते कोण वाचणार," त्या म्हणाल्या. "लिही: हे पाणी ना तोंडात, ना पातेल्यात." पट्टी लावली नाही. उजेड जात होता.

१९ मार्च

सगळ्यांचं शिजायचं म्हणजे दुप्पट पाणी हवं, म्हणजे दुसरं पिंप हवं. दाण्यांचं राखीव पोतं माझ्याकडे आहे, पहिले दाणे थकल्यावर वापरायचं म्हणून दिलेलं. ते आत्ताच वापरू का, असं ऑफिसला विचारलं. उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे मनाई नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा धरलं.

रिकामं पिंप होतं, बसवणारं कुणी नव्हतं. दुपारी काका हत्यारांची पिशवी घेऊन पडवीत आले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा पंपाच्या दिशेला आले होते. तोटीचं भोक पिंपाच्या तळाशी पाडायचं होतं. त्यांना वाकून खाली बघता येत नाही, म्हणून पालथे झोपले आणि नाकासमोर धरून भोक पाडलं. दीड तास. एक थेंब गळत नाही.

उठवायला मी हात दिला. कपडे झटकत म्हणाले, "पंप वाईट नाही म्हणजे. पाणी घेऊन येतो बिचारा. खालून जे मिळतं ते आणतो."

"पंप चांगलाच आहे," मी म्हटलं. "पाणी त्याचंच तर गाळतोय. घेवडाही शिजेल, गाळलं तरी ते मऊच राहतं."

"मग ठीक," ते म्हणाले.

आता माणशी चार लिटर. आमच्या कार्डावर तीन माणसं, बारा लिटर.

३० एप्रिल

भिंगरी २.६. मी तीनदा तपासलं, कारण आवडलेला आकडा जास्त तपासावा. काका ४.९, आणि रात्री कूस बदलता येते म्हणाले. मी ०.९. शिंपीण ३.१: "आता माझ्यात काय राहिलं मग?"

अंतर ८.१.

काकू ६.२.

हाडं जुनी आहेत. तरी सहाच्या वरचा वस्तीत एवढा एकच आकडा राहिला आहे. रजिस्टरात त्याच्याभोवती गोल केला.

उन्हाळा कडक. मी दिवसाला तीन लिटर पिते. बाटली रिकामी ठेवली की भरलेली मिळते.

२६ मे

भिंगरी टेबलाशी बसून माझ्या पट्टीनं रेघा मारत होती. मी बाटली तोंडाला लावली, तेव्हा वर न बघता म्हणाली, "ताई, तू किती पाणी पितेस गं. आई म्हणते, उंटीण आलीय आपल्याकडे."

"मग? संपतं का?"

"नाही. आई शाळेतच पिऊन येते ना."

"शाळेत कुठलं?"

ती थांबली. पट्टी खाली ठेवली.

"लाल पंपाचं. कुणाला सांगू नको म्हणालीये."

मी कार्ड बघितलं. माणसं तीन. पाच महिने मी या घरात जेवते, पिते, अंघोळ करते. माझ्या हिशेबात एकशे अठरा माणसं होती आणि मी त्यांत नव्हते. पहिल्या दिवशी चार लिटर शिल्लक टाकले होते. ते चार लिटर रोज पिंपातच राहिले, कारण ते कुणाच्याच कार्डावर नव्हते.

काकू शाळा झाडून आल्या. मी ग्लास भरून त्यांच्यासमोर ठेवला.

"कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. मग भिंगरीकडे बघितलं. ती पट्टीच्या आडून बघत होती.

"जानेवारीपासून?" मी म्हटलं.

"अगं, माझं काय. माझे गुडघे गेलेत ते गेलेत. तू परक्या घरी आलेली पोर, हिच्यासाठी आलेली."

"मला सांगायचंत. एका शब्दात कार्ड बदललं असतं."

"पाहुण्याला सांगतात होय, की तुझ्यामुळे कमी पडतं म्हणून? जन्मात नाही सांगितलं कुणी."

काका ओट्यावरून म्हणाले, "मी म्हणत होतो सांग. पण आपल्या घरात माझं ऐकतो फक्त तो पंप."

कुणी हसलं नाही, आणि मग काकूच हसल्या. मी ग्लास पुढे सरकवला. त्यांनी तो पूर्ण संपवला. दुसरा भरला. तोही संपवला. "आता काय बुडवतेस का मला," म्हणाल्या.

कार्डावर तीन खोडून चार केलं, लिटर सोळा, सही केली, आणि ते भिंतीवर होतं तिथेच लावलं.

माझ्यावर राग म्हणून त्या जेवायला बसत नाहीत असं मी फेब्रुवारीत लिहिलं आहे. आमच्यासमोर बसल्या असत्या तर ग्लास भरून घ्यावा लागला असता. ते पान फाडणार नाही. चुकीच्या नोंदी राहू द्याव्यात.

१० जुलै

दवाखाना. भिंगरी १.४. अंतर ५.६. डॉक्टर बाईंनी एक्स-रेची नवी आणि जुनी फिल्म शेजारी शेजारी खिडकीला लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या. "कापाकापी नको," म्हणाल्या. "असंच चालू ठेवा. वर्षभरात बघत राहाल."

काकूंचं ४.८. त्यांना सांगितलं. "बरं," म्हणाल्या. मग बसमध्ये, मुलगी झोपल्यावर, "तिचं खरंच नको ना करायला?" असं तीनदा विचारलं. तीनदा सांगितलं.

१४ जुलै

उद्या सकाळची बस. पिंपांचे दाणे धुवून पुन्हा तयार कसे करायचे ते शिंपीण आणि काकू दोघींना येतं. मीटर इथेच ठेवायची परवानगी नाही, म्हणून दर महिन्याच्या बाटल्या बसवाल्याकडे द्यायच्या. "त्याला आत काय आहे ते सांगायचं नाही," शिंपिणीनं स्वतःच ठरवलं.

टेबलाखालचा दगड काढायला गेले. काकांनी तिथे लाकडाची चकती ठोकलेली आहे. कधी ते माहीत नाही. टेबल हलत नाही.

चष्मेवाल्याबद्दल आईला पुन्हा विचारलं. नाव नाहीच. "पण बघ," ती म्हणाली, "सही करून घेतल्यावर त्यानं माझ्याच पदराला चष्मा पुसला." एवढं मिळालं. एवढं लिहून ठेवते.

संध्याकाळी भिंगरी अंगणात फिरली. दोन गिरक्या, तिसरीला पडली. उठून म्हणाली की मुद्दाम पडले. काका ते बघायला ओट्यावरून अख्खे वळले होते.

जेवायला आज चौघं एकदम बसलो. घेवडा होता. त्याला मी दाद दिली, मोठ्यानं.

"पाण्याचा गुण," काकू म्हणाल्या.

शेवटी निघण्याआधीच्या नोंदी पुऱ्या करायला बसले. रजिस्टर, पिंपं, कार्डं. आमच्या घराच्या कार्डावर चार आहे. उद्यापासून इथे माणसं तीन.

काकू भांडी पुसत बघत होत्या. "खोड की," त्या म्हणाल्या. "तुझा हिशेब चुकेल."

मी पेनाचं टोपण लावलं.

"राहू द्या चार."